पलटणीच्या कागदातली बाई

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात ‘बाई आणि कागद’ या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



काल दिवसभर आपण कागदांबद्दल बोललो. सातबारा, घराचा उतारा, रेशनकार्ड, लग्नाचा पुरावा. बाईचं नाव कुठे लागतं, कुठे लागत नाही आणि कुठे लावलेलं गुपचूप काढलं जातं, याचे अनुभव आपण ऐकले. माझ्या वाट्याला आज लष्कराचे कागद आले आहेत. फळ्यावर विषय वाचून दोघी-तिघींनी मला चहाच्या वेळी विचारलं, की बायकांच्या शिबिरात पलटण कशाला?

विचारणाऱ्यांपैकी एक सातारा जिल्ह्यातली होती. मी तिला उलट विचारलं, तुझ्या घराण्यात फौजेत कोण होतं? तिनं चार नावं सांगितली. सासऱ्यांचे वडील, चुलत सासरे, मामा, मावसभाऊ. मग मी विचारलं, यातल्या किती जणांच्या बायकांची नावं तुला माहीत आहेत? एक सांगता आलं. हाच आपला विषय आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांत अशी गावं आहेत, की जिथे घरटी एक माणूस पलटणीत गेला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलं गेलं. पहिल्या महायुद्धात या गावचे ४६ जण मेले. त्यांची आठवण म्हणून गावात स्तंभ आहे. इतरही पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या युद्धाला गेले, त्यापैकी इतके मेले, असा मजकूर तिच्यावर असतो. नावं नसतात, आकडे असतात.

आकडे आणि नावं

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. दुसऱ्या महायुद्धात फौज २५ लाखांपर्यंत वाढली. त्यात सुमारे ८७ हजार मेले. १०३, ११० आणि ११७ या नंबरांच्या मराठा पलटणी १९१५-१६ साली मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. एप्रिल १९१६मध्ये तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. त्या आघाडीवर मेलेल्यांचं स्मारक १९२९ साली बसऱ्याला उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांची फक्त संख्या लिहिली. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारकं सांभाळणारा राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोग आहे. त्यानं २०२१ साली अहवाल काढून कबूल केलं, की आशिया आणि आफ्रिकेतल्या मृतांना गोऱ्या मृतांसारखी वागणूक दिली गेली नाही.

म्हणजे गरीब घरचा शिपाई मोजणीपुरता उरला. आणि त्याच्या मागे राहिलेली बाई मोजणीतही आली नाही. तिनं भाकऱ्या थापल्या, मनीऑर्डरची वाट पाहिली, तारेचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला. गावच्या पाटीवर तिच्यासाठी आकडासुद्धा नाही.

बाईचं नाव सरकारी कागदात येणं किती अवघड होतं, याचं एक उदाहरण देते. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारयादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढीच ओळख त्यांनी किंवा घरच्यांनी सांगितली होती, आणि निवडणूक आयोगानं अशा नोंदी धरायच्या नाहीत असं ठरवलं होतं. हे प्रामुख्यानं उत्तरेकडच्या राज्यांत घडलं. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कोणी विचारायचं नाही, ही रीत आपल्याकडेही होतीच.

आता हे लक्षात ठेवून पलटणीच्या कागदाकडे पाहा. शिपाई भरती झाला, की त्याच्या नोंदीत वारसाचा रकाना भरावा लागतो. तो मेला तर पगाराची बाकी आणि पेन्शन कोणाला द्यायची हे सरकारला ठरवावं लागतं. म्हणून लग्न झालं, मूल झालं, वारस बदलला, की त्याची नोंद होते. तिला फौजेत ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. बायकांबद्दल प्रेम म्हणून हे झालेलं नाही, हिशेबासाठी झालं. पण त्यामुळे ज्या काळात खेड्यातल्या कुणबी, मराठा, महार, मुसलमान बाईचं नाव शाळेत नव्हतं, सातबारावर नव्हतं, मतदारयादीत नव्हतं, त्या काळात ते कुठेतरी पलटणीच्या दप्तरात लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या आपल्याकडच्या अनेक शिपायांच्या नोंदी युद्धस्मृती आयोगाच्या यादीत पाहता येतात. त्यात अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, जिल्हा असं लिहिलेलं सापडतं. ‘अमकीचा नवरा’ हे शब्द नीट ऐका. आपल्या कागदांत ते किती वेळा वाचायला मिळतात?

आमच्या घरचा कागद

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. पलटणीचं आणि कचेरीचं नाव मुद्दाम घेत नाही. माझं म्हणणं एका कचेरीपुरतं नाही, पद्धतीबद्दल आहे.

माझ्या भाचीनं घराण्याची वंशावळ करायला घेतली होती. आमच्याकडे हेळवी येतात. त्यांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात. तीर्थाच्या उपाध्यांकडेही वह्या असतात. तिनं सगळं जमवलं आणि मग म्हणाली, मावशी, या झाडाला सगळे बापच लागलेत. माझ्या आईच्या वडिलांपाशी तर ते झाड संपलंच होतं, कारण त्यांना मुलगा नव्हता. एक मुलगी होती. ती माझी आई.

आजोबा १९४१ साली फौजेत गेले. १९४४ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर मारले गेले. आई तेव्हा दीड वर्षाची होती. आजी विशीच्या आतली. १९४९ साली आजी मुलीला घेऊन सासरचं घर सोडून माहेरी आली. पुढे जन्मभर तिनं खुरपणी, भांगलण, भुईमूग काढणं अशी दुसऱ्याच्या रानातली कामं केली. आईला सातवीपर्यंत शिकवलं. १९९१ साली ती गेली. सरकारनं आपल्याला दमडी दिली नाही, हे वाक्य आमच्या घरात पाठ होतं. सासरच्या माणसांचं वाक्य वेगळं होतं. ती आपल्या मनानं निघून गेली, असं ते म्हणत.

आजोबांचे कागद मागायचे असं आम्ही ठरवलं. आईच्या सहीनं साधा अर्ज केला. तिकडून विचारणा झाली, की मृताचा मुलगा किंवा पुतण्या असल्यास त्याचा अर्ज पाठवावा. मुलगा नव्हता. पुतण्या होता, पण पुतण्याची सही कशासाठी? १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही पहिल्या वर्गातली वारस आहे. पुतण्या त्या वर्गात कुठेच नाही. तेवढं एक वाक्य लिहून, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं असल्याचं प्रतिज्ञापत्र, असं सगळं जोडून आईनं पुन्हा अर्ज केला. या वेळी माहितीच्या अधिकाराखाली केला.

दोन पानं आली. त्यात आजोबांचा नंबर, गाव, तालुका, भरतीची तारीख, मृत्यूची तारीख. वारस म्हणून पत्नी, आणि पुढे आजीचं नाव. स्पेलिंग चुकीचं होतं, पण नाव तिचंच. आई ते नाव बोटानं पुन्हा पुन्हा वाचत होती. खाली पेन्शनची नोंद होती. विधवेला १९४५ पासून पेन्शन मंजूर. १९४९ साली बंद. कारण: पुनर्विवाह.

माझ्या आजीनं दुसरं लग्न कधीही केलं नाही.

ज्या वर्षी ती सासरच्या घरातून बाहेर पडली, त्याच वर्षी कागदावर तिचं लग्न लागलं. त्या काळच्या नियमानं विधवेनं पुन्हा लग्न केलं की तिची पेन्शन बंद व्हायची. त्यामुळे सही नको, चौकशी नको, एक शब्द पुरला. तो कोणी कळवला हे कागद सांगत नाही आणि मीही कोणाचं नाव घेणार नाही. पण तो खरा आहे का, हे विचारायला आजीपर्यंत कोणी आलं नव्हतं. माहेरच्या गावात ती पुढे बेचाळीस वर्षं होती. शोधायला अवघड नव्हती.

आणि आधीची चार वर्षं? आईला आजीनं सांगितलेलं आठवतं, की दीर तिला तालुक्याच्या गावी सरकारी कामाला घेऊन जायचे, अंगठा घ्यायचे आणि परत आणायचे. काम कसलं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. जमिनीचं असावं असं ती समजत होती. म्हणजे सरकारनं काही दिलं नाही हे आमच्या घरातलं वाक्य खरं नव्हतं. सरकारनं दिलं होतं. ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आईनं नोंद दुरुस्त करण्यासाठी अर्ज केला. जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, गावातल्या दोन वृद्धांचे जबाब जोडले. उत्तर आलं, की त्या वेळी मिळालेल्या माहितीवर नोंद झालेली आहे, आता बदलता येणार नाही. मग आईनं लिहिलं, ठीक आहे, खोडू नका, पण माझं हे पत्र त्या पानासोबत ठेवा. त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र पाठवतो. पैशाची मागणी नाही. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. तिचं म्हणणं एवढंच, की माझ्या आईबद्दल सरकारच्या दप्तरात खोटं लिहिलेलं राहू नये.

हे एकट्या आजीचं नाही

परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण काम करतो तेव्हा ‘निघून गेली’, ‘दुसरं घर केलं’, ‘तिची चाल बरी नाही’ हे शब्द रोज ऐकतो. हे शब्द नुसते बोलले जात नाहीत, कागदावर चढतात. तिथे चढले की त्यांची नोंद होते आणि नोंदीवर हक्क ठरतात.

लष्कराच्या नियमांतही विधवेच्या लग्नाकडे पाहण्याची हीच नजर होती. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला जो भत्ता मिळतो, तो तिनं दुसरं लग्न केल्यावर बंद व्हायचा. पण दिराशी लग्न केलं तर चालू राहायचा! ही अट संरक्षण मंत्रालयानं नोव्हेंबर २०१७मध्ये काढली. २०१७पर्यंत आपलं सरकार असं मानत होतं, की बाई त्याच घरात राहिली तर शौर्याचा मान तिचा, घराबाहेर पडली तर नाही. २६ जानेवारीला तिला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ देतात, वीरपत्नी म्हणतात. तिच्या नवऱ्याच्या कागदांची प्रत मात्र कोणी तिच्या हातात देत नाही.

कागद मागणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची फौजेतली भरती बंद केली. तेव्हा १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केला, आणि त्यात वाडवडिलांनी केलेल्या चाकरीचा दाखला दिला. पुढे १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१मध्ये मोडली गेली आणि १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा स्थापन झाली. जुन्या नोकरीच्या नोंदीवर बोट ठेवून हक्क मागायचा, ही रीत दलित चळवळीनं आपल्याला शिकवलेली आहे. त्यात आपण बायकांचा रकाना घालायचा आहे.

आणि नातेवाईक म्हणजे आजोबाच असं कशाला धरायचं? लष्करी परिचारिकांची सेवा एकोणिसाव्या शतकापासून आहे. १९४२ साली विमेन्स ऑक्झिलरी कोअर निघालं. त्यात हजारो हिंदी, अँग्लो-इंडियन आणि गोऱ्या बायका टंकलेखन, टेलिफोन, भांडार, वाहनं अशी कामं करत होत्या. १९४७ साली ते बंद झालं. एखादी आत्या, एखादी न लग्न झालेली मावशी पुण्याला ‘लष्करात क्लार्क होती’ असं घरात उडत उडत सांगितलं जातं. तिचा शोध घ्या.

अर्ज कसा करायचा

आता कामाचं बोलू. वह्या काढा.

पहिली गोष्ट, कागद कुठे असतात? पुष्कळांना वाटतं लंडनला. इंग्रज अधिकाऱ्यांचे कागद तिथे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पलटणी कुठे लढल्या याच्या दैनंदिन नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पण साध्या शिपायाच्या नोकरीचे कागद त्याच्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, वैद्यकीय दलाचं लखनौला. नौदलातल्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला आणि विमानदलाचं दिल्लीला सुब्रतो पार्कमध्ये आहे. १९४७ साली ज्या पलटणी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या, त्यांचे कागदही तिकडे गेले. पलटणच माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांची आणि विधवांची नोंद तिथे असते.

दुसरी गोष्ट, नंबर. शिपायाचा नंबर मिळाला की अर्धं काम झालं. घरातली लोखंडी ट्रंक उघडा. जुन्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव बहुधा कोरलेलं असतं. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, मनीऑर्डरची पावती, युद्धावरून आलेल्या पत्राचं पाकीट, काहीही चालेल. पदकं मोडीत घालण्याआधी कडा वाचा.

तिसरी गोष्ट, गावाचा पत्ता त्या काळातला द्या. रायगड तेव्हा कुलाबा होता. सिंधुदुर्ग रत्नागिरीत होता. सांगली जिल्ह्याला काही काळ दक्षिण सातारा म्हणत. सावंतवाडी, औंध, फलटण, भोर, कोल्हापूर ही संस्थानं होती आणि कागदावर संस्थानाचं नाव असतं. आडनावाच्या जागी कधी वडिलांचं नाव असतं. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारांनी लिहून द्या.

चौथी गोष्ट, काय मागायचं हे नेमकं लिहा. ‘सगळी माहिती द्या’ लिहिलं की काहीच येत नाही. मी असं लिहिते: लाँग रोलमधल्या नोंदीची प्रत. शीट रोल असल्यास त्याची प्रत. वारसाच्या नोंदी आणि त्यात झालेले बदल. लग्न आणि मुलांच्या जन्माचे पार्ट टू ऑर्डर. पेन्शन मंजुरीचा आणि पेन्शन बंद झाली असल्यास बंदीचा आदेश, कारणासह. आणि कागद नष्ट केले असतील तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत.

हे शेवटचं का? कारण पेन्शन न मिळालेल्या शिपायाचे कागद फौजेच्या नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट करता येतात. युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्या हजारो माणसांना पेन्शन नव्हती. त्यांचे तपशिलाचे कागद आज बहुधा उरलेले नाहीत. पण लाँग रोल ही नोंदवही कायमची ठेवायची असते. त्यामुळे ‘कागद नष्ट झाले’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर तिथे थांबू नका. लाँग रोलचं काय, असं विचारा. आणि ज्यांच्या घरचा माणूस अलीकडे, म्हणजे १९९० नंतर किंवा २००० नंतर पेन्शनविना सुटून आला, त्यांनी तर आजच अर्ज करावा.

पाचवी गोष्ट, आधी साधा अर्ज करा, मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा जोडून. दाद मिळाली नाही तर २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला फी माफ आहे, पुरावा जोडायचा. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, कारण बरीच ऑफिसं राज्याबाहेर आहेत. चुकीच्या ऑफिसात गेला तर पाच दिवसांत योग्य ऑफिसात पाठवणं हे त्यांचं काम आहे. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दिल्लीला केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं. ‘ही खासगी माहिती आहे’ असं सांगून नाकारतात. २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षणाच्या कायद्यानं हे कलम आणखी कडक केलं आहे. पण त्याच माहिती कायद्याचं कलम आठ, पोटकलम तीन असं सांगतं, की वीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती, काही मोजके अपवाद सोडून, द्यायला हवी. खासगी माहितीचं कारण त्या अपवादांत नाही. हे कलम अर्जातच लिहा.

आणि अर्ज बाईच्या सहीनं जाऊ द्या. मुलगी असेल तर मुलीच्या, नात असेल तर आधी तिच्या आईच्या. भाऊ, दीर, पुतण्या यांनी सोबत यावं, पोस्टात जावं, पण अर्जदार आपण. माहेरचं आणि सासरचं नाव जुळत नाही, ही अडचण हटकून येते. त्यासाठी प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

कागद आल्यावर

कागद आला म्हणजे काम संपलं असं नाही. काय वाचायला मिळेल याची तयारी हवी. एका मैत्रिणीला आजोबांच्या नोंदीत दुसऱ्याच बाईचं नाव पत्नी म्हणून सापडलं. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ साली झाला, सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ साली. त्याआधी दोन बायका असणं कायद्याला मान्यच होतं. मैत्रिणीची आजी दुसरी होती. पहिली कोण, तिचं काय झालं, हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मैत्रीण महिनाभर गप्प होती. मग तिनं त्या पहिल्या बाईच्या माहेरचं गाव शोधलं. ती त्या घराण्याच्या इतिहासात आता आहे.

शिक्षा, आजार, पळून जाणं हेही नोंदीत असतं. म्हणून आमच्या गटात आम्ही एक नियम केला आहे. कागद आधी घरातली सगळ्यांत मोठी हयात बाई पाहील. त्यातलं काय बाहेर सांगायचं, काय नाही, हे ती ठरवेल. आमच्या आजीची गोष्ट आज मी इथे सांगते आहे ती आईला विचारून.

कागदाला शेवटचा शब्द मानू नका. आमच्या कागदात खोटं लिहिलेलं आहे. म्हणून प्रत मिळाल्यावर तिच्यासोबत घरातल्या म्हाताऱ्या बाईचं म्हणणं लिहून ठेवा, तारीख घालून, तिचा अंगठा किंवा सही घेऊन. रकाना काय सांगतो आणि बाई काय सांगते, ही दोन्ही पानं एकत्र राहू द्या. पुढे वाचणारी ठरवेल कोणावर विश्वास ठेवायचा.

काही ठिकाणी कागदाचा रोकडा उपयोगही होतो. पेन्शनच्या हुकुमातलं नाव आणि आधारकार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून हेलपाटे घालणाऱ्या विधवा आपल्या प्रत्येकीच्या गावात आहेत. त्यांना पार्ट टू ऑर्डरची प्रत कामाला येते. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्य सरकार मासिक मदत देतं. त्यासाठीही नोकरीचा पुरावा लागतो. अशा बायका आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करू या.

महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. चांगली गोष्ट आहे, ती आपल्या चळवळीची जुनी मागणी होती. पण हा नियम पुढच्या पिढ्यांसाठी आहे. मागच्या पिढ्यांतल्या बायकांची नावं कोणता शासन निर्णय शोधून देणार नाही. ते काम आपलं आहे.

मी तीन गोष्टी सुचवून थांबते. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या निदान पाच घरांचे अर्ज पुढच्या शिबिरापर्यंत करावेत. आलेल्या उत्तरांच्या प्रती, घरातल्या बायकांची संमती असेल तर, संघटनेच्या कार्यालयात एका फाइलला लावाव्यात. आणि ज्या नोंदींत बाईबद्दल चुकीचं लिहिलेलं आढळेल, तिथे तिच्या बाजूचं पत्र मूळ पानासोबत जोडून ठेवावं, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून करावी. एकट्या आईच्या पत्राला उत्तर आलं नाही. पन्नास जणींची पत्रं एकाच महिन्यात गेली तर कोणालातरी ती फाइल उघडावी लागेल.

मागच्या टेबलावर अर्जाचा नमुना ठेवला आहे. जेवायला जाण्याआधी एकेक घेऊन जा.